खाली बसा

मी एक जुना बाक आहे. मध्य प्रदेशातल्या धारच्या मराठी मंडळाच्या ओसरीत चारपैकी तीन पायांवर उभा असतो. चौथा जन्मापासून आखूड. मला घडवताना रघुजी सुतार घाईत होता. "खाली कागदाची घडी सारा," म्हणाला आणि गेला. घडी केव्हाच चेपली. कोणी बसले की मी बोलतो : टक.

मित्रांनो, माझेही दिवस होते. कार्यक्रमाची वाट पाहत लोक माझ्यावर बसत आणि बसल्या बसल्या त्यांना काहीबाही सुचे. एका गणेशोत्सवाचे अख्खे नाटक माझ्यावर सुचले आहे. मग मोबाइल आले. माणसे माझ्यावर बसत, पण तिथे नसत.

मुले तर माझ्यावर उभी राहून खिडकीतून डोकावत. म्हणून मंडळ सांभाळणाऱ्या अण्णांनी माझ्या पाठीवर तांबड्या रंगाने लिहिले :

खाली बसा

मग अनन्या आली. सहावीतली, हिंदी शाळेची. तिची आई अल्पना आत मुलांना मराठी वाचायला शिकवी आणि ही बाहेर थांबे. शाळेच्या प्रदर्शनासाठी खेळणे करायचे होते. तिने मोबाइलवर पाहून दोन केली. बाईंनी दोन्ही परत पाठवली. "अपना कुछ बनाओ." सोमवार शेवटचा. आईने मोबाइल काढून घेतला.

अनन्याने माझ्या पाठीवरची अक्षरे लावली. "खाली… बसा. यानी खाली बैठो? कुछ मत करो?"

हिंदीत खाली म्हणजे रिकामे. तिला वाटले, इथला नियमच आहे. बसली बिचारी.

गुरुवार. जांभई. पाय हलवले. टक.

(इथे माझ्या गोष्टीत पाऊण तास काहीच घडत नाही. तुम्हीही थांबा.)

टक.

शुक्रवार. पुन्हा तेच. डोळे मिटले, उघडले. माझ्या आखूड पायाशी मुंग्यांची रांग होती. टक झाले की रांग फुटायची, मग पुन्हा जुळायची.

"अरे, ये तो तुझसे डरती हैं!"

मित्रांनो, ती माझ्याशी बोलली! किती वर्षांनी कोणी बोलले.

शनिवारी ती मुद्दाम हलत राहिली. टक. टकटक. टक.

रविवारी तिने पिशवीतून खोक्याच्या फळीचा एवढासा बाक काढला. एक पाय आखूड. वर दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांच्या मुंग्या. बोट लावले की टक व्हायचे आणि मुंग्या नाचायच्या.

तेवढ्यात अण्णा करवत घेऊन आले. माझे तीन पाय कापून चौथ्याएवढे करायला.

"अण्णा, रुको! पाय नका कापू! माझं खेळणं इसीसे निकला है."

"हे तू केलंस? कुठं पाहून?"

"कहीं नहीं. तुम्हीच लिहिलंय ना, खाली बसा. मी तीन दिवस खाली बसले. कुछ नहीं किया."

अण्णा आधी गोंधळले, मग खो खो हसले. "अगं वेडे, खाली म्हणजे नीचे! उभं राहू नका म्हणून लिहिलं. आई आत वाचन शिकवते आणि दिव्याखाली अंधार!"

अनन्याचा चेहरा पडला. "म्हणजे मी फुकटच बसले?"

अण्णांनी खेळण्याला बोट लावले. मुंग्या नाचल्या. त्यांनी पुन्हा लावले.

"फुकट कसं म्हणू?" म्हणाले आणि करवत आत ठेवून आले.

सोमवारी बाईंनी खेळणे परत पाठवले नाही.

मित्रांनो, मला वाळवी लागू देऊ नका, रंग उडाला तर द्या, पण पाय आखूडच राहू द्या. आणि कंटाळा आला तर त्याला लगेच हाकलू नका. त्याला घेऊन माझ्याकडे या. खाली बसा. आधी मराठीत, मग हिंदीत.

टक.