माझ्या पाठीवर लिहिलेले 'लॉक'

मित्रांनो, मला पाहायचे असेल तर तुम्हाला गाडीखाली आडवे व्हावे लागेल. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध चिखलाने माखलेला एक लोखंडी गोळा दिसेल. तो मी. शिकलेले लोक मला डिफरेन्शियल म्हणतात. केशोरी गावात मला नुसते 'मागचा गोळा' म्हणतात, आणि त्याचे मला काही वाटत नाही. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या पाठीवर एक शब्द रंगवला गेला. तो आठवला की अजूनही माझे दात एकमेकांवर आपटतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. अंग ओतीव लोखंडाचे, पोटात दातेरी चक्रे आणि ती बुडवून ठेवणारे घट्ट तेल. माझे काम काय, ते तुम्हाला खळ्यावर चटकन कळेल. धानाच्या चुरण्यात, म्हणजे मळणीत, बैल गोल फिरतात, तेव्हा बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागते आणि आतल्याला कमी. वळणावर गाडीच्या चाकांचेही तसेच होते. ज्याला जास्त फिरायचे त्याला जास्त आणि ज्याला कमी त्याला कमी फिरू देणे, हे माझे काम.

पण माझ्यात एक खोड आहे आणि ती मी लपवणार नाही. मी साध्या प्रकारचा आहे. एक चाक चिखलात घसरू लागले, की मी सगळे बळ त्यालाच देऊन बसतो. कोरड्या दगडावरचे चाक मग ढिम्म हलत नाही. माझे काही भाऊबंद 'लॉक'वाले असतात. ते दोन्ही चाके एकत्र बांधून ठेवतात आणि गाडी चिखलातून बाहेर काढतात. बाहेरून आम्ही सारखेच दिसतो, म्हणून कारखान्यात आमच्या अंगावर पत्र्याची एक लहान चिठ्ठी अडकवली होती. कोण कोणत्या प्रकारचा, ते तिच्यावर लिहिलेले होते.

माझी पहिली वीस वर्षे दरेकशाच्या डोंगराळ वाटांवर गेली. तिथला ड्रायव्हर जागेश्वर माझे तेल वेळेवर बदलायचा आणि घाट चढून आल्यावर मला थोपटायचा. तिथल्याच एका दगडावर माझी चिठ्ठी निखळून पडली. जागेश्वरला तिची गरज नव्हती. तो मला ओळखून होता.

पुढे त्या जीपचा पत्रा सडला. मला काढून गोंदियाच्या एका भंगारवाल्याकडे टाकून दिले. दोन पावसाळे मी उघड्यावर पडून होतो. एक कुत्री माझ्या आडोशाला व्याली, तेवढीच काय ती सोबत. एके दिवशी केशोरीचा खेमराज आला. त्याच्या जीपचा गोळा फुटला होता. त्याने मला उचलले, तेव्हा मला खरेच रडू यायचे बाकी होते.

खेमराज रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत बायांच्या टोळीला जीपमधून बांध्यांवर, धानाच्या शेतांत नेऊन सोडायचा. टोळीची मुख्य होती रुख्माबाई. खेमराजची बायको दुर्गेश्वरीही त्याच टोळीत रोवणा करायची. बांध्या नाल्यापलीकडे होत्या. पक्क्या रस्त्याने फार लांबचा फेरा पडायचा आणि नाल्यातून गेले तर दहा मिनिटे. म्हणून खेमराजला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मी 'लॉक'वाला असणे.

गावातला मिस्त्री बकाराम ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. गोळा ओळखायची युक्ती त्याने मोबाईलवर पाहिली होती. मागची दोन्ही चाके उचलायची, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि एक चाक हाताने फिरवायचे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर लॉक, उलटे फिरले तर साधा. युक्ती अगदी बरोबर होती. खेमराज एका चाकासमोर बसला, बकाराम पलीकडच्या चाकासमोर.

"फिरव!" बकाराम म्हणाला.

खेमराजने चाक घड्याळाच्या काट्यासारखे फिरवले. "माह्याकडून उजवा पीळ!"

"माह्याकडूनबी उजवाच!" बकाराम ओरडला. "दोन्ही सारखे! लाक आहे रे, लाक!"

मी हबकलोच. माझ्या पोटातली चक्रे तर चाकांना एकमेकांच्या उलट फिरवत होती! मग ही दोन शहाणी माणसे सारखे कसे म्हणतात? मला तोंड असते तर मी गाव गोळा केले असते. बकारामने पिवळा रंग आणला आणि माझ्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत 'लॉक' लिहिले.

त्यानंतर खेमराज सगळीकडे सांगत सुटला, "माह्या गाडीले लाक आहे. नाला म्हणजे काहीच नाही."

तीन दिवस नाल्यात पाणी कमी होते आणि चाके दगडांवर राहिली, म्हणून निभावले. चौथ्या दिवशी सकाळी वरच्या डोंगरात पाऊस झाला. जीपमध्ये नऊ बाया होत्या. नाल्याच्या मध्यावर डावे चाक गाळात रुतले, उजवे दगडावर होते. खेमराजने जोर दिला. मी तो सगळा जोर डाव्या चाकाला दिला. मित्रांनो, मला दुसरे काही येतच नाही! डावे चाक गरगर फिरत खोल गेले आणि उजवे जागचे हलले नाही. पाणी माझ्या वर चढले.

"बसून राहा! वजन पायजे," खेमराज ओरडला. "लाक आहे, निघते आता."

"काय निघते?" रुख्माबाई कडाडली. "पाणी वाढून राहिलं! उतरा बायाहो, हात धरा एकमेकींचे!"

आठ जणी उतरल्या. चिखलात उभे राहून दिवस काढणाऱ्या त्या बाया साखळी करून काठाला लागल्या. दुर्गेश्वरी मात्र जागची उठली नाही. "ते सांगून राहिले ना, निघते म्हणून," ती म्हणाली.

जीप एका अंगाला कलली आणि दुर्गेश्वरी पाण्यात फेकली गेली. वाहून जाताना तिचा हात माझ्या अंगाला घासत गेला. बांगड्या माझ्या लोखंडावर आपटल्या, तो आवाज मी विसरू शकत नाही. रुख्माबाईने पुन्हा पाण्यात शिरून तिची वेणी पकडली, खेमराजने दंड धरला. दुर्गेश्वरी वाचली. तिचा उजवा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने जीप ओढून बकारामकडे आणली. "लाक तुटला असन," तो म्हणाला. पुन्हा चाके उचलली, पुन्हा ते दोघे समोरासमोर बसले आणि पुन्हा तेच ओरडले. उजवा पीळ. इकडूनही उजवाच.

रुख्माबाई जीपमध्ये राहिलेले बायांचे डबे घ्यायला आली होती. दुर्गेश्वरीही गळ्यात हात बांधून मागे उभी होती. रुख्माबाई पाहतच राहिली.

"काऊन रे, दोर वळून राहिले का तुम्ही?" ती म्हणाली. "तणसाचा दोर वळताना समोरासमोर बसता. दोघंही आपापल्याकडून उजवा पीळ देता, तवाच दोराले पीळ पडते ना? दोन्ही टोकं एकाच अंगानं फिरली असती, तं दोर नुसता गरगर फिरला असता. मंग ही चाकं सारखी कशी झाली?"

जन्मभर दोर वळलेले ते हात तसेच चाकावर राहिले. रुख्माबाईने चंचीतून चुना काढला आणि दोन्ही टायरांच्या खालच्या कडेला एकेक ठिपका लावला. मग बकारामला उठवून खेमराजच्या बाजूला आणले आणि वाकून गाडीखालून पलीकडे पाहायला लावले. खेमराजने चाक फिरवले. जवळचा ठिपका पुढे गेला. पलीकडचा मागे गेला.

"मी हिले बसून राहा म्हणलो," खेमराज म्हणाला.

दुर्गेश्वरी पुढे आली. तिने डाव्या हातात विळा घेतला आणि गाडीखाली आडवी झाली. ती माझ्या पाठीवरचा पिवळा रंग खरवडू लागली. डाव्या हाताची तिला सवय नव्हती, विळा सारखा घसरत होता. खेमराज विळा घ्यायला वाकला, पण तिने दिला नाही. शेवटचे अक्षर जाईपर्यंत ती थांबली नाही.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना नाव देण्याआधी दोघांनी एकाच बाजूला उभे राहून पाहत जा. आम्ही चुकीचे नाव नाकारू शकत नाही, आणि त्या नावावर विश्वास ठेवून कोणीतरी गाडीत बसून राहते.

मी अजून खेमराजच्याच जीपखाली आहे. आता तो बायांना लांबच्या रस्त्याने नेतो. वाटेत कुठे पाणी साचलेले दिसले, की तो "बसा" म्हणत नाही. गाडी थांबवतो आणि आधी स्वतः उतरून पाण्यात पाय घालून पाहतो. दुर्गेश्वरी तोवर कधीच खाली उतरलेली असते.