कोळशाची पिशवी

फिशटँकच्या फिल्टरचं झाकण उघडण्याआधी त्याने मोठा श्वास भरून घेतला आणि मगच खटके सोडले. स्पंजवर काळपट, बुळबुळीत गाळ चढला होता. काल दुपारभर वीज नव्हती. बंद डब्यात पाणी कोंडून सडलं होतं. बायको समोरच्या स्टुलावर बसली होती, म्हणून त्याने चेहरा मुळीच वाकडा होऊ दिला नाही.

“असे गाल फुगवून का बसलात?”

“झाकण घट्ट होतं.”

ती केक करायची. गल्लीत लहानथोर तिला केकमावशी म्हणत. ओव्हनला घड्याळ होतं, पण तिने ते कधी लावलं नाही. शेजारच्या खोलीत बसून ती “झाला” म्हणायची आणि केक झालेला असायचा. हिवाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. त्यानंतरचा पहिलाच केक खालून करपला. त्याने दोन तुकडे खाल्ले आणि “खरपूस झालाय” म्हणाला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने ऑर्डरी घेणं बंद केलं.

येईल परत, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून घरात ‘वास’ हा शब्दच वाळीत पडला. संध्याकाळी ती पाठमोरी उभी राहून कॉफीच्या बरणीत नाक घालायची. स्वयंपाकघरात शिरण्याआधी तो खोकायचा, म्हणजे तिला बरणीचं झाकण लावायला वेळ मिळे.

या सगळ्यात फिशटँककडे दोघांचंही दुर्लक्ष झालं. त्यातले मासे त्याचे आणि झाडं तिची, अशी जुनी वाटणी. पाणी पिवळं पडलं आणि दिवाणखान्यात कुबट वास भरून राहिला. पाहुणे हळूच खिडकीकडे सरकायचे. म्हणून आज तो माशांच्या दुकानातून नवा स्पंज, गाळणीत भरायच्या सिरॅमिकच्या कड्या आणि वास शोषणाऱ्या कोळशाची एक जाळीदार पिशवी घेऊन आला होता.

“स्पंज ठीक, कड्याही ठीक,” ती म्हणाली. “हा कोळसा कशाला?”

“पाणी पिवळं दिसतंय.”

“टाकीतल्या लाकडाचा रंग उतरलाय तो. माशांना चालतो. उद्या तुमच्या कोळशाने खत शोषून घेतलं, तर माझ्या झाडांनी काय हवा खाऊन जगायचं?”

“सगळं नाही शोषत गं. थोडेच दिवस ठेवू.”

“पण कशासाठी?”

खरं उत्तर जिभेवर आलं आणि तिथूनच मागे फिरलं.

“चष्मे विकणाऱ्याच्या घरचं पाणी कसं आरपार दिसायला हवं.”

“मग आपला चष्मा पुसा. पाणी आपोआप आरपार दिसेल.”

तो हसला. वादात तिच्यापुढे त्याची डाळ कधी शिजलीच नव्हती. जिंकल्याच्या थाटात ती दूध तापवायला आत गेली.

त्याने टाकीतलंच पाणी बादलीत काढून घेतलं. नळाच्या पाण्याने कड्या धुतल्या, तर त्यांच्यात वस्तीला आलेले उपयोगी जिवाणू मरतात. त्याने तळातल्या जुन्या कड्या बादलीत उपड्या केल्या आणि असा भपकारा उठला, की त्याने बाहीत नाक खुपसलं. तेवढ्यात, ती नाही असं पाहून, कोळशाची पिशवी हळूच डब्याच्या तळाशी सरकवली.

“ई! अहो, काय सडलंय तिकडे?”

“काही नाही गं, गाळच—”

त्याचा हात डब्यातच थांबला. आत चमच्याचा आवाजही थांबला होता.

ती दारात आली. मग ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, बादली पुढ्यात ओढली आणि इतकी वाकली, की केसांची टोकं पाण्याला लागली. तिने सावकाश श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या भपकाऱ्याने कुणाच्याही आलं असतं.

“कधीपासून येतोय?”

“झाले दोन-तीन महिने.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

त्याने डब्यात हात घालून पिशवी बाहेर काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने ती पाहिली, पण हसली नाही, रागावलीही नाही. तिचा ओला हात त्याच्या गुडघ्यावर होता. बादली उचलायला तो उठू लागला, तर तिने गुडघा दाबून धरला.

“राहू द्या जरा.”

थोड्या वेळाने तिने मान वर केली, स्वयंपाकघराच्या दिशेने वळवली.

“दूध लागलं,” ती म्हणाली.

त्याच्या नाकाला काहीच कळलं नव्हतं. तो धडपडत आत धावला. ती मात्र तशीच बसून राहिली, डोळे मिटून.