गळतं तरी वाढतं

ट्रक आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी थोरली बहीण बुरुलाय गाई पिळायला निघाली, ती अंगणातच थबकली आणि तिनं मला हाक मारली, "जिपार, बाहेर ये. तुमच्या नव्या नवरीनं अंथरूण ओलं केलंय."

इंजिनाखालच्या खडीवर ताटाएवढा काळा डाग पडला होता. वर वाकून पाहिलं तर इंजिनाच्या मागच्या अंगाला तेलाचा थेंब लोंबत होता. तो पडला, की दुसरा येत होता.

अट-बाशी गावात आमची दोघी बहिणींची घरं एकाच कुंपणात आहेत. तिचे यजमान मुकांबेत आणि माझे शैलोबेक, म्हणजे एकमेकांचे साडू. भिंतीला भिंत लागून असली तरी दोघांचं बोलणं सलाम-दुव्यापुरतंच. मागे दोघांनी भागीत घोड्या घ्यायचं ठरवलं होतं आणि ऐन वेळी शैलोबेकनी पाय मागे घेतला, तेव्हापासूनचं हे. पण गेल्या उन्हाळ्यात भाड्याचा ट्रक इतका उशिरा आला की आम्ही खिंडीपलीकडच्या अकसायच्या उन्हाळी कुरणावर पोचेपर्यंत चांगलं गवत दुसऱ्यांच्या मेंढ्यांनी चरून टाकलं होतं. शेवटी आम्ही बहिणींनीच धोशा लावला आणि या वसंतात दोघांनी मिळून खालच्या शहरातून हा जुना डिझेल ट्रक आणला. पसंत केला मुकांबेतदाजींनी. शैलोबेकना अजून थोडं बघायचं होतं, पण दाजींनी तिथल्या तिथे हातात हात देऊन सौदा पक्का केला.

आता दोघं ट्रकच्या दोन बाजूंना उभे होते.

गावचा फिटर आला, त्यानं बॉनेट उघडून एकवार आत पाहिलं आणि हात पुसले. "तेल अडवणारं मागचं सील गेलंय. इंजिन उतरवावं लागेल. नारिनच्या गॅरेजात न्या." एवढं बोलून तो चहा पिऊन गेला.

इंजिन उतरवायचं म्हणजे कुरणावर जायची वेळ टळणार. दाजींचा चेहरा पडला. "परत नेऊन देतो," ते म्हणाले. "मीच आणला, मीच परत करतो."

"परत कोण घेतंय?" शैलोबेक म्हणाले. "आणि सील गेलंय कशावरून? सगळं अंग तेलानं माखलंय. जखम कुठे आहे ते आधी दिसू तर द्या."

"त्याला दिसली की."

"त्याला चहा दिसला."

बुरुलायनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं. दाजी हसले नाहीत, पण बाही वर सारून बादली आणायला गेले.

दुपारपर्यंत दोघांनी इंजिन धुतलं. आधी ब्रशनं घासून चिकटा काढला, मग कपड्याच्या साबणाचं गरम पाणी. त्याखालून हिरवट रंग निघाला, तो बघायला शेजारचे लोक कुंपणाशी आले. सगळं वाळल्यावर शैलोबेक म्हणाले, "आता वर काहीतरी पांढरं भुरभुरायला हवं. तेल जिथून निघेल तिथे ओघळ उमटेल. थोडं पीठ दे."

"पिठाला हात लावायचा नाही," बुरुलाय म्हणाली. "भाकरीचं पीठ घाणीवर टाकशील?"

तिचं बरोबरच होतं. मी शाळेत शिकवते. घरात खडूचे तुकडे भरपूर पडलेले असतात. मी ते खलबत्त्यात कुटले आणि फडक्यात बांधून त्यांच्या हाती दिले. ती भुकटी त्यांनी फडक्यातून झटकत इंजिनभर लावली, खाली पुठ्ठा अंथरला आणि ट्रक चालू केला.

आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. इंजिन तापलं, खडू तसाच पांढरा. मग शैलोबेकनी बोट दाखवलं. सील असतं ते खाली. ओघळ मात्र निघाला होता सगळ्यात वर, टॅपेटच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथून तो अंगावरून उतरत उतरत खाली सीलपाशी जाऊन लोंबत होता.

"वरून येतंय," ते म्हणाले. "सील कोरडं आहे. नुसतं झाकणाचं गॅस्केट."

"म्हणजे इंजिन उतरवायचं नाही?" दाजींनी विचारलं.

"नाही. गॅस्केट कापतो, बसवतो, परवा निघू."

मला वाटलं सुटलो. दाजींनी इंजिन बंद केलं आणि किती तेल घालावं लागेल ते पाहायला तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "शैलो, काल येताना खिंडीपाशी तू पट्टी पाहिलीस. किती होतं?"

"वरच्या खुणेला."

"आज खुणेच्या वर आहे."

"असं कसं होईल? खडीवर एवढं गळलंय."

"गळलंय. तरी वाढलंय."

शैलोबेक आले, त्यांनीही पाहिलं. दाजींनी पट्टीचं टोक नाकाशी नेलं. त्यांचं नाक गावात प्रसिद्ध आहे. घोडीच्या दुधाचं कुमिस आंबलं की बिघडलं, ते बुधल्याचं बूच न काढता सांगतात. त्यांनी एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती पिवळसर ओलं कडं पसरत गेलं.

"डिझेल आहे," दाजी म्हणाले. "तेलात डिझेल उतरतंय."

शैलोबेक पायरीवर बसले. डिझेलनं पातळ झालेलं तेल घेऊन, लादलेला ट्रक कुरणाकडची खिंड चढला असता तर बेअरिंगं जळाली असती, कदाचित वळणावरच. आणि ते नुसतं गॅस्केट बदलून निघणार होते. "मी वास घेतलाच नसता," ते म्हणाले. "मी बाहेरच बघत बसलो होतो."

"तू बाहेरचं पाहिलंस म्हणून मी आतलं पाहिलं," दाजी म्हणाले. "नाहीतर मी तर ट्रक परत न्यायला निघालो होतो."

झाकण उघडलं. आत डिझेल फवारणाऱ्या नोझलांमधून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी बारीक नळी होती. टाकीकडचं तिचं टोक शैलोबेकनी दाबून बंद केलं आणि दाजी इंजिनावरचा डिझेलचा हातपंप मारू लागले. तिसऱ्या नोझलच्या सांध्यावर एक मणी उगवला, चमकला आणि इंजिनाच्या पोटात घरंगळला. लगेच दुसरा. तिथलं तांब्याचं वॉशर चेपून कागदासारखं झालं होतं. तेवढ्या फटीतून डिझेल आत जात होतं, तेल पातळ होऊन वाढत होतं आणि वाढलेलं तेल वरच्या जुन्या गॅस्केटमधून वाट काढत होतं.

फिटरच्या डब्यातून जुनी वॉशरं मिळाली. ती बुरुलायच्या चुलीत लालभडक करून दाजींनी पाण्यात टाकली, म्हणजे तांबं मऊ होतं आणि नीट बसतं. गॅस्केट शैलोबेकनी कापलं. जुनं तेल पूर्ण काढून नवं भरलं. हे सगळं चालू असताना दोघं एकमेकांना पाना देत होते, घेत होते, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मधेच शैलोबेकनी विचारलं, "बाजारात एवढी घाई का केलीत, साडूभाऊ? थोडं थांबला असता तर तिथेच कळलं असतं."

दाजी वॉशर पुसत राहिले. "थांबलो असतो तर तुला विचार करायला वेळ मिळाला असता," ते म्हणाले. "तू पुन्हा मागे फिरशील अशी धास्ती होती मला. ट्रक कसाही असो, तू हवा होतास."

शैलोबेकनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी आत येऊन मला म्हटलं, "चहा कर. दाजींच्या चहात साय जास्त घाल." ती मी कुणी न सांगताच घालते, पण तसं बोलले नाही.

संध्याकाळी पुन्हा खडू लावून ट्रक गावाबाहेरच्या चढावर नेऊन आणला. परतल्यावर झाकण पांढरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पाहिली, तेल खुणेवरच होतं. मागच्या धुऱ्याला अजून थोडा ओलावा आहे, पण दोघांचं म्हणणं, तो पुढच्या हिवाळ्याचा उद्योग.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मागे दोन्ही घरांचे तंबू, चुली, बुधले, आणि वर अंथरुणांच्या ढिगावर बुरुलाय आणि मी. खिंडीच्या माथ्यावर ट्रक थांबला. दोघं उतरले, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत डोकं घालून उभे राहिले.

"काय झालं?" बुरुलायनं वरून विचारलं.

"काही नाही," दाजींचा आवाज आला. "बघतोय फक्त."

खाली अकसायचं कुरण हिरवं पसरलं होतं. अजून दुसऱ्या कुणाची एकही मेंढी त्यावर उतरली नव्हती. शैलोबेकनी किल्ली दाजींच्या हातावर ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर चढून बसले. उतार संपेपर्यंत पुढून दोघांचं भांडण ऐकू येत होतं, कुणाचा तंबू आधी उभारायचा त्यावरून.