शनिवारची पूड

दुसऱ्याच्या वेदनेपुढे मनुष्य बहुधा उपदेशक होतो, आणि जो उशाशी बसून रात्री काढतो त्याचे मौन त्याला हट्ट वाटते. प्रणितेकडून हेच घडत होते.

पेणच्या एका धर्मादाय दवाखान्याची ही परिचारिका. कर्करोगाच्या रुग्णांची वेदना घरच्या घरी कशी आवरावी, हे त्यांच्या माणसांना शिकवीत ती गावोगाव हिंडे. रोह्याचे अब्राहमकाका कोकणातल्या ज्यूंपैकी, बेने इस्राएल. त्यांना घशाच्या विकाराने वेदनाशामक मॉर्फिनची गोळी गिळवत नसे; म्हणून दीनाकाकू ती खलबत्त्यात कुटून मधातून चाटवीत. मुले इस्राएलला गेलेली, घरात ही दोघेच. गुरुवारी पाहावे तो काका निवांत. सोमवारी पुन्हा पिळवटून निघालेले.

“काकू, दुखायची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहून द्यायची. किती वेळा सांगू?” उन्हातून आलेल्या प्रणितेचा स्वर थकव्याने चढला. “सवय लागेल म्हणून भिता ना?”

“लागली तर लागू दे,” काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. “किती दिवस पुरणार हाय ती?”

काकूंनी खलबत्ता पुढ्यात ओढला. मग हळूच म्हणाल्या, “शब्बाथला, विसाव्याच्या दिवशी, आमच्यात कुटणं-दळणं नाय गो. शुक्रवारी दिवा लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत खलबत्त्याला हात नाय. मी कुटायला बसले, तर ह्यांनी हात धरला माझा. मग चढलेली कळ सोमवारपर्यंत उतरत नाय.”

“जन्मभर पाळला,” काका म्हणाले. “आता शेवटाला कशाला मोडू?”

“देव काय कळा सोसायला सांगतो?”

काकूंचे डोळे भरून आले. बोलून गेलेले शब्द प्रणितेला परत घेता येईनात. कासूला आणखी एक रुग्ण वाट पाहत होता, पाय ठणकत होते. तरी ती उठली नाही. तिने विचारले, “शनिवारी जेवता काय?”

“शुक्रवारचंच. दिवस मावळायच्या आत सगळं रांधून ठेवते.” काकू बोलता बोलता थांबल्या. “मग पूडही…”

“तशीच. प्रत्येक वेळेची पुडी वेगळी बांधा, म्हणजे चूक व्हायची नाही.”

“मास्तरीणबाई,” काका म्हणाले, “हे पहिल्या दिवशीच विचारलं असतंस तर?”

“तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं असतंत तर?”

काका हसले, आणि हसण्यानेही त्यांना दुखले.

शुक्रवारी फेरी नसताना प्रणिता आली. ऊन कलण्याआधी काकूंनी गोळ्या कुटल्या, पुड्या बांधून डबीत ठेवल्या आणि मावळतीला दिवा लावला. काका उशीला टेकून बसले. शब्बाथच्या मनुकांच्या सरबताचा पेला हाती धरून ते प्रार्थना म्हणू लागले; ती मध्येच तुटत होती. पण ती त्यांनी पुरी केली. वेदना सरली नव्हती, एवढेच की ती आज त्यांच्या आवाजाच्या वर चढली नाही.

प्रणिता एस.टी. गाठायला निघाली तेव्हा काकू पहिली पुडी मधात कालवीत होत्या.

त्या घराला विसाव्याचा दिवस विसाव्यासारखा लाभो. सोसणाऱ्याला झोप येवो, जागणारीला धीर मिळो, आणि शिकवीत हिंडणाऱ्या त्या मुलीच्या थकल्या पावलांना वाट सोपी होवो.