भंडाऱ्यात उघडलेला कॅमेरा

उत्कर्षचं नाव निघालं की श्रीशैलच्या पोटात दुखायला लागायचं. एरवी माणूस ठणठणीत. अणदुरात पहिला डिजिटल कॅमेरा आणला तो त्यानं, गावातल्या निम्म्या लग्नांचे अल्बम त्याच्या हातचे, आणि खंडोबाच्या जत्रेत गळ्यात कॅमेरा अडकवून निघाला की गर्दी आपसूक वाट द्यायची. एवढं सगळं असताना दुसऱ्याच्या नावानं जळायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण जळायचा.

बरं, उत्कर्ष कुणी परका नव्हता. श्रीशैलच्याच स्टुडिओत तो फ्लॅश धरायला शिकला, पिशव्या वाहिल्या, शिव्या खाल्ल्या. तुळजापुरात स्वतःचं दुकान टाकायला निघाला तेव्हा श्रीशैलनं कपाटातली एक जुनी छोटी लेन्स त्याच्या हातावर टेकवली होती. प्लॅस्टिकची, खुळखुळी झालेली. कॅमेऱ्यावर बसवायच्या खुणेचा ठिपका पुसला म्हणून बायकोच्या नेलपॉलिशनं लाल टिकली लावलेली. घे, खेळ, असं वर म्हणाला होता. आता तोच उत्कर्ष अणदूरच्या लग्नांना यायला लागला आणि लोक त्याचे फोटो एकमेकांना पाठवायला लागले.

त्यात चारुशीलानं, म्हणजे श्रीशैलच्या बायकोनं, कहरच केला. उत्कर्षनं काढलेला कुठल्याशा नवरीचा फोटो तिनं स्वतःच्या स्टेटसला ठेवला. डोळे बघा की कसे आलेत, जणू आत्ता रडंल, असं नवऱ्यालाच दाखवत म्हणाली. श्रीशैलनं नाक मुरडलं. हे सगळं महागाच्या लेन्सचं कौतुक आहे, पोराचं त्यात काय, असं म्हणून तो ताटावरून उठला. उत्कर्षच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत त्याच्या हातात भली लांब, पांढुरकी लेन्स होती. श्रीशैलनं तो फोटो इतक्या वेळा मोठा करून पाहिला होता की लेन्सवरचे आकडेसुद्धा पाठ झाले होते.

आणि मग घरचंच लग्न निघालं. मुलगी शिवांजली, जावई ढोकीचा. खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गात असतो, तो अणदूरला परत आल्यावरचा मुहूर्त. साड्या, पाहुणे, आचारी सगळं ठरलं, आणि एका दुपारी शिवांजली बापाजवळ येऊन बसली.

"पप्पा, फोटोला उत्कर्षदादाला सांगूया. तुमी कॅमेऱ्यामागं गेलाव की मला दिसतच न्हाय. माझ्या एका वाढदिवसाच्या फोटोत तुमी न्हाय. लग्नात तरी माझ्याजवळ हुबं ऱ्हावा."

पोरगी एवढं बोलली, पण बापाच्या कानात शिरलं ते एकच नाव. पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं. स्वतःच्या पोरीलासुद्धा आपले फोटो नकोत, तिलाही तोच पाहिजे, या विचारानं त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानं बाहेर जाऊन थेट उत्कर्षला फोन लावला. लग्नाला ये, पण पाहुणा म्हणून ये, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असं बजावलं. उत्कर्ष नुसतं व्हय अण्णा म्हणाला. त्या व्हय अण्णाचाही श्रीशैलला राग आला.

दुसऱ्याच दिवशी तो सोलापूरला कॅमेऱ्याच्या दुकानात हजर. दुकानदार समजूतदार होता. त्यानं आधी विचारलं, फोटो कुठं काढायचेत, मागं सरायला जागा किती आहे. श्रीशैलनं सांगितलं, थोडं मंडपात, थोडं देवळात. मग त्यानं एक छोटी लेन्स काढली. अंधाराच्या जागी हीच चालते, गर्दीत धक्काही लागत नाही, म्हणाला. श्रीशैलनं तिच्याकडं बघितलं सुद्धा नाही. असली एक त्यानं कधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. त्यानं पाठ केलेले आकडे सांगितले आणि ती लांबलचक लेन्स मागवली. कॅमेऱ्याला लावून वजन घेतलं तर मनगट खाली गेलं, पण काचेच्या दारात आपलं रूप बघून त्याची छाती फुगली.

मेमरी कार्डाचंही तेच. दुकानदार म्हणाला, एक मोठं घेण्यापेक्षा तीन-चार लहान घ्या, एखादं दगा देतं, निदान सगळं लग्न तरी एकाच वेळी जायचं नाही. ही गोष्ट श्रीशैल स्वतः शिकवत आला होता. हळदीचं कार्ड वेगळं, अक्षतांचं वेगळं, देवळाचं वेगळं, अशी त्याची शिस्त. पण उत्कर्ष कुणाला तरी म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं की आता त्याला दिवसभर कार्ड बदलावं लागत नाही. झालं. श्रीशैलनं दुकानातलं सगळ्यात मोठं कार्ड उचललं. जुनी लहान कार्डं पेढ्याच्या डब्यात घालून कपाटात टाकली.

लग्नाच्या दिवशी मंडपात ती लांब लेन्स शोभली, नाही म्हणायला जागा नाही. पाहुणे वळून वळून बघत होते. श्रीशैल मात्र एक डोळा कॅमेऱ्याला आणि दुसरा उत्कर्षवर ठेवून होता. उत्कर्ष पंगतीत वाढत होता, म्हाताऱ्यांना खुर्च्या आणून देत होता, आपल्याकडं बघतसुद्धा नव्हता. लेन्स बघून जळत असणार लेकाचा, असं श्रीशैलनं मनाशी ठरवून टाकलं आणि त्याला फार बरं वाटलं. अक्षता पडल्या तेव्हा भटजी दोनदा म्हणाले, मुलीचे वडील पुढं या. पुढं आला तो कॅमेरा.

मग नवरानवरी देवाला निघाली. आता, खंडोबाच्या देवळात फोटो काढणाऱ्यांचा एक नियम असतो, आणि अणदुरात तो श्रीशैलनंच घालून दिलेला. देवळात पाऊल टाकायच्या आधी लेन्स ठरवायची. आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही, ना आपलं ना कॅमेऱ्याचं. कारण आत भंडारा उधळतो. ती हळदीची पूड इतकी बारीक की कॅमेऱ्यात एकदा शिरली की बसलीच. उत्कर्षनं शिकताना एकदा जत्रेत लेन्स काढली होती तर श्रीशैलनं चारचौघांत त्याच्या मुस्काटात दिली होती.

असा हा नियमवाला माणूस त्या दिवशी लांब लेन्स लावूनच आत घुसला. उत्कर्ष आवारात उभा होता ना. त्याच्यासमोर साधी लेन्स कशी लावायची? आणि जोडी देवापुढं उभी राहिली तेव्हा घोटाळा कळला. डोळा लावला तर शिवांजलीचं नुसतं नाक. मागं सरावं तर पाठीला भिंत. बाजूला व्हावं तर माणसंच माणसं. तिकडं मामानं, शरणबसप्पानं, भंडाऱ्याची परात उचललेली. लोक येळकोट येळकोट करायला लागलेले. शिवांजली मान वळवून गर्दीत बापाला शोधत होती.

श्रीशैलनं खांद्यावरच्या पिशवीतून साधी लेन्स काढली आणि लांब लेन्स फिरवून उपटली. कॅमेऱ्याचं तोंड उघडं पडलं. तेवढ्यात गर्दीतून उत्कर्ष धावत आला, खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी पसरून. श्रीशैलला वाटलं, आला हा पुढं पुढं करायला, ऐन वेळी जागा बळकावायला. त्यानं कोपरानं त्याला असा रेटला की पोरगं दोन माणसांवर जाऊन पडलं.

"सर बाजूला. माझ्या पोरीचा फोटो हाय."

आणि वरून भंडारा पडला. परातभर. श्रीशैलच्या डोक्यावर, मिशीवर, आणि उघड्या कॅमेऱ्यात. त्यानं फुंकर मारली, लेन्स बसवली, बटण दाबलं. आतून दळताना खडा यावा तसा आवाज झाला आणि कॅमेऱ्याचा डोळा काळा झाला. पुन्हा दाबलं. काही नाही. तेव्हा कुठं त्याला कळलं की उत्कर्ष टॉवेल कशाला पसरत होता.

उत्कर्ष उठून उभा राहिला होता. टॉवेल झटकत होता. श्रीशैललाच बोलावं लागलं, आणि ते त्याला कसं जड गेलं ते त्याचं त्याला माहीत.

"तुझा कॅमेरा हाय का?"

"गाडीत हाय अण्णा. पण तुमी नगं म्हणला व्हता, म्हणून कार्ड घरीच काढून ठेवलं."

म्हणजे कार्ड एकच, श्रीशैलच्या मेलेल्या कॅमेऱ्यातलं. त्याच्यात सकाळपासूनचं सगळं लग्न. उत्कर्ष पळत जाऊन कॅमेरा घेऊन आला तोवर श्रीशैल ते कार्ड मुठीत धरून उभा होता. चुकून एक बटण दाबलं तर सगळं पुसलं जाणार, आणि दाबणारा कोण, तर ज्याला आत्ता कोपरानं पाडलं तो. मूठ उघडेना. शिवांजली अजून शोधत होती. शेवटी त्यानं उघडली.

"समदं लगीन हाय ह्याच्यात."

"व्हय. तुमी आता पोरीजवळ जावा."

कार्ड आत घालताना उत्कर्षनं कॅमेरा आडवा धरला आणि श्रीशैलला त्याच्यावरची लेन्स दिसली. छोटी, प्लॅस्टिकची. कड्यावर लाल टिकली.

"ती लांब लेन्स कुठाय तुझी?"

"ती भाड्याची, अण्णा. एका दिवसापुरती आणली व्हती, फोटो काढून घ्यायला. आपली तर पहिल्यापासनं हीच हाय."

नवरीचे ते डोळे, ते स्टेटस, सगळं ह्या लेन्सचं होतं तर. खेळ म्हणून दिलेल्या लेन्सचं. श्रीशैल वळला आणि गर्दीतून पोरीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं होतं. श्रीशैलनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. आधी त्याचे फोटो आले, मंडपातले, चांगले, साफ. मग मध्ये काही न येता उत्कर्षचे सुरू झाले. एका फोटोत पिवळाधम्मक श्रीशैल उभा होता, डोळे मिटलेला, आणि शिवांजली पदरानं त्याच्या पापण्यांवरचा भंडारा पुसत होती. दोघंही कॅमेऱ्याकडं बघत नव्हती.

श्रीशैल त्या फोटोत चूक शोधायला लागला. उजेड बघितला, कडा बघितल्या, मागची माणसं बघितली. हा फोटो आपल्या हातून का नाही निघाला म्हणून त्याचा जीव जळला. आपणच फोटोत आहोत तर आपल्या हातून निघणार कसा, हे कळायलासुद्धा त्याला थोडा वेळ लागला.

मागं चारुशीला कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. हा फोटो स्टेटसला ठेवू का, तिनं विचारलं. तो ठेव म्हणाला. खाली नाव कुणाचं टाकू, असं तिनं मुद्दामच विचारलं.

"उत्कर्षचं टाक," श्रीशैल म्हणाला. आणि वर, "पण लेन्स माझी हाय म्हणून बी लिव्ह."

ती तोंडाला पदर लावून आत गेली. श्रीशैलनं फोटो पुन्हा मोठा केला. कुठंतरी चूक असणारच, म्हणत तो शोधत राहिला. पण शिवांजलीच्या हातापाशी आला की त्याचे डोळे भरून यायचे, आणि शोध तिथंच थांबायचा.