आईला समुद्र दाखवायला

पक्षाघातानंतर आईला चालता येत नव्हतं, म्हणून गाडी थेट पाण्याजवळ न्यायचा बेत थोरल्याने आखला. त्याचं गॅरेज होतं, चारही चाकांनी ओढणारी जीप त्याचीच. ओहोटीत ओल्या, घट्ट वाळूवरून समुद्रात घुसलेल्या कड्याला वळसा घालायचा आणि पाणी चढायच्या आत परतायचं. "भरती काय आपल्या मामाची नाही, थांबायला," असं त्याने धाकट्या बहिणीला बजावलं होतं.

जाणं सुरळीत झालं. परतायची वेळ झाली तेव्हा आई म्हणाली, "जरा थांबू या ना रे. किती दिवसांनी मोकळी हवा लागतेय."

तिचा चेहरा बघून थोरल्याचा पाय निघेना. "बरं, थोडा वेळ," तो म्हणाला.

निघाले तोवर पाणी कड्याला भिडलं होतं. वळणावर चाकं रुतली, आणि जितका जोर लावला तितकी जीप खाली गेली.

"मला राहू दे, तुम्ही निघा," आई म्हणाली.

"गप्प बस, आई!" धाकटी ओरडली. थोरल्याने आईला पाठुंगळी घेतलं, धाकटीने मागून आधार दिला. छातीभर पाण्यातून तिघं कशीबशी पलीकडे पोचली, पण आईच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं.

तिला न्यूमोनिया झाला, आणि त्यातच ती गेली. शुद्ध होती तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, "माझ्याच हट्टापायी झालं हो." लेकाला कुणी बोल लावू नये, एवढंच तिला हवं होतं.

कुणी लावलाही नाही. पण दुरुस्तीला जीप आली की थोरला ती शेजारच्या गॅरेजकडे पाठवू लागला.