फरशीच्या कमरेचा टॉवेल

मित्रांनो, इतिहास घामाने लिहिला जातो, असे थोर माणसे सांगून गेली आहेत. ते खरेच असणार. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की तो घाम नंतर कुणाला तरी पुसावा लागतो, नाहीतर पुढचा माणूस त्यावरून घसरून पडतो. तो पुसणारा मी. मी टॉवेल आहे. खरे तर अर्धाच.

गिरणीतून निघालो तेव्हा मी अंघोळीचा, ऐसपैस, निळ्या काठाचा टॉवेल होतो. पडदे शिवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईने मला विकत घेतले. तिच्या मुलीची व्हॉलीबॉलच्या व्यावसायिक संघात निवड झाली होती आणि मुलगी म्हणाली, "आई, कमरेला खोचायला छोटा टॉवेल लागेल." घरात मोठा टॉवेल असताना छोटा विकत आणणे हा आईच्या मते उधळेपणा होता. तिने कात्री घेतली. माझ्या कापलेल्या कडेला अशी शिवण घातली की पडदा तिच्यावर लोंबकळला तरी उसवणार नाही. दुसरा अर्धा भाग स्वयंपाकघरात गरम भांडी उतरवायला राहिला. आम्ही सख्खे भाऊ. एक खेळात गेला, एक घरी राहिला. घराघरात असेच चालते.

आता मुलीचे काम सांगतो. व्हॉलीबॉलच्या संघात एकजण वेगळ्या रंगाचा शर्ट घालते. तिला लिबेरो म्हणतात. इतरांनी जाळीपाशी उड्या मारायच्या, चेंडू हाणायचा, गुण मिळवायचे, मिठ्या मारायच्या. लिबेरोने मागे राहायचे आणि पलीकडून आलेला चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही. त्यासाठी छातीवर, पोटावर, कोपरावर, जसे सुचेल तसे पडायचे. ती पडली की जमिनीवर तिच्या आकाराचा ओला डाग उठे. मग ती उठे, मला कमरेतून उपसे, डाग पुसे आणि पुन्हा खोचे. सगळा वेळ जमिनीवरच असते म्हणून संघातल्या मुली तिला 'फरशी' म्हणत. मैदान लाकडी होते, पण एखाद्या मुलीला 'लाकूड' म्हणून हाक मारणे बरे दिसत नाही.

आई एकदाच सामना पाहायला आली. परतताना तिने मत दिले.

"सगळ्या मारतात, आणि तू नुसती पडतेस."

"पडायचाच पगार आहे, आई."

"आणि ते 'माझा, माझा' काय चाललं होतं? खेळ होता की वाटणीचं भांडण?"

फरशी हसली. पण ते या खेळातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य आहे, मित्रांनो. चेंडू हवेत असताना जी तो घेणार तिने 'माझा!' असे ओरडायचे. तोंड उघडले की बाकीच्या बाजूला होतात आणि तिच्या मागे उभ्या राहतात, तिच्या हातून सुटलाच तर धरायला. फरशीचा आवाज असा होता की तिने 'माझा!' म्हटले की कधीकधी समोरचा संघही बाजूला होई.

ती माझी भरभराटीची वर्षे. एकदा वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. संघातली सगळ्यात जोरात चेंडू हाणणारी मुलगी, जिला सगळे 'तोफ' म्हणत, ती हवेत होती; खाली कोपऱ्यात पालथी पडलेली फरशी आणि तिच्या कमरेला मी. आईने तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. "तुझं तोंड नाही दिसत," ती म्हणाली, "पण माझे टाके बघ कसे स्वच्छ आलेत."

मग एका मोसमात आम्ही एक महत्त्वाचा सामना हरलो. शेवटचा चेंडू काही जोरात आला नव्हता. आरामात, लाजतलाजत, फरशी आणि तोफ यांच्या मधोमध उतरला. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. चेंडूने जमिनीकडे पाहिले.

प्रशिक्षकबाईंनी कपडे बदलायच्या खोलीत दार लावून घेतले. "कोणाचा होता तो?"

"मला वाटलं ही घेईल," तोफ म्हणाली.

"मला वाटलं तिचा आहे," फरशी म्हणाली.

"वा! काय सभ्य मुली!" बाई म्हणाल्या. "अवघड चेंडू पडला तर मी कधी बोलले का? हा सोपा होता. दोघींनाही घेता येत होता, म्हणूनच पडला. यापुढे माझ्या संघात कोणी सभ्यपणा केला तर बाकावर बसवीन."

मुलींनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण मला मान नाही.

फरशी संघासाठी दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहायची. आई तिच्या जुन्या दोन खोल्यांत एकटी. फरशीचा मोठा भाऊ, दादा, आईच्याच शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला होता. वहिनी आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. बहीणभावाचे उत्तम पटायचे. भांडण म्हणून नाही. नंतर मला वाटले, थोडे असायला हवे होते.

आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. सकाळी शेजारीणबाई तिला सोडून आल्या. दुपारी तिला घरी न्यायचे होते. त्या दिवशी फरशीला सुट्टी होती. तिने मला धुऊन खिडकीत वाळत घातले होते, म्हणून फोनवरचे बोलणे मी स्वच्छ ऐकले.

"दादा, आई नीट पोचली का घरी?"

"पोचली का म्हणजे? तू आणतेयस ना?"

"मी? अरे, मी इथं खोलीवर आहे."

"सुट्टी आहे म्हणालीस की! मला वाटलं..."

"तू तिथंच असतोस, म्हणून मला वाटलं..."



तिकडे आई एका डोळ्यावर पट्टी आणि मांडीवर पिशवी घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शिपायाने विचारले, "कोण येणार आहे न्यायला?" ती म्हणाली, "मुलगा येईल. नाहीतर मुलगी." बाक रिकामा होत गेला. मग तिनेच शिपायाला समजावले की दोघेही कामाची माणसे आहेत, आणि उठली. बाहेरच्या पायऱ्यांतली शेवटची पायरी तिच्या उघड्या डोळ्याला दिसली नाही. खुब्याचे हाड मोडले. हे सगळे तिने आम्हाला नंतर हसतहसत सांगितले आणि वर म्हणाली, "चूक त्या पायरीची आहे. रंग द्यायला नको का?"

फरशी मिळेल त्या बसने आली. मी तिच्या मुठीत होतो. आईच्या खाटेच्या एका बाजूला दादा आणि वहिनी, दुसऱ्या बाजूला आम्ही. डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर करून म्हणाल्या, "हाड जुळेल. पण वय पाहता त्या पुन्हा चालतील असं मी सांगणार नाही. सगळं अंथरुणावर करावं लागेल. घरी कोण बघणार?"

दादाने वहिनीकडे पाहिले. वहिनीने सलाइनच्या बाटलीकडे पाहिले. फरशीने माझ्याकडे पाहिले. सगळी सभ्य माणसे. मी ती शांतता ओळखली, मित्रांनो. मुठीत मला पीळ पडला.

"माझी!"

ती मैदानातल्याच आवाजात ओरडली. पलीकडच्या खाटेवरच्या आजी दचकून उठून बसल्या, नर्सच्या हातातला ट्रे खणखणला.

"अगं, हळू!" आई म्हणाली. "मी काय चेंडू आहे?"

दादाचा चेहरा पडला होता. "अगं, मी पण..."

"तू मागे राहा, दादा. माझ्या हातून सुटलं तर धर."

मोसम अर्ध्यावर होता आणि संघ अंतिम सामन्याच्या वाटेवर होता. प्रशिक्षकबाई म्हणाल्या, "मोसम संपेपर्यंत कोणी बाई ठेवता येणार नाही का?"

"बाई, सोपा चेंडू होता," फरशी म्हणाली. "तोच माझ्याकडून पडलाय."

तिशी ओलांडलेली लिबेरो मधूनच बाहेर पडली की परत आत येत नाही, हे बाईंना माहीत होते, फरशीलाही. तिने वेगळ्या रंगाचा शर्ट घडी करून दिला. मला मात्र दिले नाही. मी संघाचा नव्हतो, घरचा होतो.

घरी माझी स्वयंपाकघरातल्या भावाशी भेट झाली. जळका, तेलकट, ओळख न पटण्याजोगा. एका दोरीवर वाळताना तो म्हणाला, "आलास का? खेळून झालं?" माझे काम बदलले नव्हते. घास भरवल्यावर हनुवटी पुसायची, औषध सांडले की ते पुसायचे. फरशी आईला उचलताना गुडघे वाकवून, खाली झुकून, दोन्ही हात पुढे धरून तशीच उभी राहायची जशी चेंडूची वाट बघत राहायची. दादा दर रविवारी येऊन आईची नखे कापायचा. नखे नसली तरी कापायचा.

अंतिम सामना आम्ही टीव्हीवर पाहिला. आईचा ऑपरेशन झालेला डोळा मात्र झकास निघाला होता. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून एक नवी, चुणचुणीत मुलगी खेळत होती. एक चेंडू आरामात तिच्या आणि तोफेच्या मधे येऊन पडला.

"कोणाचा होता गं तो?" आईने विचारले.

"दोघींचा."

"मग पडणारच."

टीव्हीवर पुढचे दोन चेंडू झाले.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"माहितेय, आई."

"पायरीच तसली होती."

"हो."

फरशीने मला घेतले आणि आईचे तोंड पुसले. तोंडाला काही लागलेले नव्हते.

संघ जिंकला. तोफेने चषक उचलला तेव्हा आईला झोप लागली होती.

पुढचा उन्हाळा आईने पाहिला नाही. दादा अजून रविवारी येतो. दोघे जेवतात, खाटेकडे पाठ करून बसतात. प्रशिक्षकबाईंनी लहान मुलींना खेळ शिकवायला बोलावले होते. फरशी 'बघते' म्हणाली आणि अजून बघतेच आहे. मी खाटेच्या दांडीवर तसाच पडून आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरचे कुणीतरी मांडीवर पिशवी घेऊन एखाद्या बाकावर बसलेले असेल. 'मला वाटलं' म्हणून थांबू नका. ओरडा. दोघे एकदम ओरडलात तर टक्कर होईल, टेंगूळ येईल. येऊ द्या. टेंगूळ बरे होते.

आणि एक बारीकशी विनंती. फरशी मला धूत नाही. अधूनमधून नाकाशी धरते आणि परत ठेवते, कारण मला अजून आईच्या मलमाचा आणि डोक्याच्या तेलाचा वास येतो. तुमच्यापैकी कुणाचे तिच्याकडे जाणे झाले तर तिला हळूच सांगा. आईची आठवण मलाही येते. पण आता खरेच फार आंबट वास मारतोय मी.